१ जुलै १९८७च्या अलीकडे आणि पलीकडे: सोलापुरातलं एक प्रकरण

जून २०२४चा दुसरा आठवडा. दहावीचा निकाल लागून पंधरा दिवस झाले होते आणि सेतू केंद्रापुढची रांग रस्त्यावर आली होती. छत्तीस-सदतीस वर्षांचा एक माणूस माझ्या टेबलापाशी आला. त्याने पिशवीतून प्लास्टिकची फाइल काढली, तिच्यातला एकच छापील कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, “साहेब, ह्याच्यावर सही करू का नको, तेवढंच सांगा.”

तो स्वयंघोषणापत्राचा कागद होता. मुलीला डिप्लोमाला घालायचं होतं आणि त्यासाठी वय, राष्ट्रीयत्व व अधिवासाचा दाखला लागत होता. त्या अर्जासोबत बापाने लिहून द्यायचं की मुलगी भारतीय नागरिक आहे, दिलेली माहिती खरी आहे, खोटी निघाली तर मी शिक्षेस पात्र राहीन. शंभरातले नव्व्याण्णव बाप हा कागद न वाचता सही करतात. ह्याने तो वाचला होता, आणि सहीला टेकवलेला हात त्याने मागे घेतला होता.

मी सोलापुरात दिवाणी वकिली करतो. वारसाच्या नोंदी, दाखले, नावातल्या चुका ही माझी रोजची कामं. हे प्रकरण त्या कामांसारखंच दिसत होतं, पण नव्हतं. कुटुंबाच्या परवानगीने ते इथे मांडतो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तारखांचा क्रम आणि कायदा मात्र जसाच्या तसा ठेवला आहे, कारण सगळा पेच तिथेच आहे.

घर

माणसाचे वडील १९७९ साली पश्चिम नेपाळातल्या डोटी जिल्ह्यातून सोलापुरात आले. गावचा एक जण आधीच इथे रात्रीची राखण करत होता, त्याच्या ओळखीने. सात रस्ता, मग होटगी रोड, पुढे जुळे सोलापूर वसत गेलं तसं तिकडे. रात्री बाराला शिट्टी, दोनला शिट्टी, विजेच्या खांबावर काठीचा ठोका. महिन्याच्या पहिल्या रविवारी दारोदार जाऊन पैसे गोळा करायचे. चाळीस वर्षं सगळी कॉलनी त्यांना ‘गुरखा’ म्हणत आली. नाव कुणी विचारलं नाही. ह्याचा परिणाम मला फाइलमध्ये दिसला: थोरल्या मुलीच्या जन्मनोंदीत बापाचं आडनाव ‘गुरखा’ असंच लिहिलेलं आहे, धाकट्याच्या नोंदीत ‘बहादूर’, आणि रेशनकार्डावर तिसरंच.

मुलं दोन. दोन्ही डफरीन दवाखान्यात जन्मली. थोरली फेब्रुवारी १९८४ची, धाकटा, म्हणजे हाच माणूस, ऑगस्ट १९८७चा. दोघं महापालिकेच्या मराठी शाळेत शिकली, गड्ड्याच्या जत्रेत हरवली आणि सापडली, घरी आईशी डोटेली बोलली आणि एकमेकांशी मराठी. थोरलीचं लग्न इथल्याच मुलाशी झालं. धाकटा टॉवेलच्या कारखान्यात मागावर लागला. त्याच्यासाठी आईने गावाकडची मुलगी पाहिली आणि २००७ साली ती सून होऊन सोलापुरात आली. नोव्हेंबर २००८ मध्ये तिला मुलगी झाली. तीही डफरीनलाच. थोरलीलाही एक मुलगी आहे, हिच्याहून पाच महिन्यांनी लहान. दोघी मामेबहीण-आतेबहीण एकाच वर्गात बसल्या, एकाच वर्षी दहावी झाल्या.

धाकट्याच्या मुलीला ८४ टक्के पडले. तिचा शाळा सोडल्याचा दाखला मी हातात घेतला. जन्मस्थळ: सोलापूर. मातृभाषा: मराठी. राष्ट्रीयत्व: भारतीय. तिच्या बापाचा २००४ सालचा दाखलाही फाइलमध्ये होता, त्याच्यावरही राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात ‘भारतीय’. ते लिहिणाऱ्यांनी काही खोटं करायचं म्हणून केलेलं नाही. समोर मराठी बोलणारं, सोलापुरात जन्मलेलं पोर असेल तर दुसरं काय लिहायचं? सेतूतही तसंच झालं असतं. अर्ज दिला असता तर दाखला बहुतेक आठवड्यात हातात पडला असता.

मग त्याचा हात का थांबला? २०१५ साली तो आखातात कामाला जाणार होता. पासपोर्टच्या चौकशीत आईवडिलांच्या नागरिकत्वाचा कागद मागितला गेला. त्याने वडिलांना विचारलं, वडिलांनी ट्रंकेतून घडी पडून फाटलेलं नेपाळचं नागरिकता प्रमाणपत्र काढून दिलं. ते पाहून त्याने अर्ज सोडून दिला. त्याच्या बहिणीकडे मात्र पासपोर्ट होता. तेव्हापासून नऊ वर्षं हा माणूस मनात एकच प्रश्न घेऊन फिरत होता, आणि कुणाला विचारायची त्याला भीती वाटत होती.

“मी इथलाच की ओ साहेब,” तो म्हणाला. “पण कागदावर सही करायची म्हटलं की हात जाईना.”

तारखा

भारतात जन्म झाला की भारतीय, असा समज अजून सर्रास आहे. तो चूक नाही, जुना आहे. नागरिकत्व कायदा १९५५ सालचा. त्याच्या कलम ३ने सुरुवातीला तेच म्हटलं होतं: २६ जानेवारी १९५०नंतर भारतात जन्मलेला प्रत्येक जण जन्माने नागरिक. आईबाप कोण, कुठले, हे पाहायचं नाही. परदेशी वकिलातीतल्या माणसांची मुलं वगैरे मोजके अपवाद सोडले तर. १९८६ साली दुरुस्ती झाली आणि १ जुलै १९८७पासून अट आली की आईबापांपैकी एक तरी भारतीय हवा. पुढे २००३ची दुरुस्ती ३ डिसेंबर २००४पासून लागू झाली. आता आई आणि वडील दोघंही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय असेल तर दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा.

हे तीन नियम त्या घरावर ठेवून पाहा. थोरली १९८४ची, आईबाप दोघं नेपाळी, तरी ती जन्माने भारतीय, आणि तिचं नागरिकत्व कुणी काढून घेऊ शकत नाही. धाकटा १ जुलै १९८७च्या पलीकडे काही आठवड्यांनी जन्मला. वॉर्ड तोच, आईबाप तेच, पण तो जन्माने भारतीय नाही. त्याची मुलगी २००८ची. बाप भारतीय नाही, आई नेपाळची, म्हणून तीही नाही. तिची आतेबहीण पूर्ण भारतीय.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते पुढचं. धाकट्याने शेजारच्या पद्मशाली घरातल्या मुलीशी लग्न केलं असतं तर आई भारतीय, आणि १९५०च्या भारत-नेपाळ करारामुळे नेपाळी माणसाचं इथलं राहणं कायदेशीर असल्याने बापही बेकायदा ठरत नाही. म्हणजे पोरगी जन्मतःच भारतीय झाली असती. आजीने गावाकडची सून केली एवढ्यावर नातीचा देश ठरला.

ते नेपाळी आहेत, मग अडचण काय, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. १९५०च्या कराराने त्यांना इथे राहता येतं, नोकरी-धंदा करता येतो, घर घेता येतं. नेपाळच्या कायद्याने नेपाळी बापाचं मूल वंशाने नेपाळी, त्यामुळे ही मुलगी बिनदेशाची नाही. पण हे आपोआप हातात येत नाही. नागरिकता प्रमाणपत्र सोळा वर्षं झाल्यावर मिळतं, तेही बापाच्या मूळ गावाच्या शिफारशीवर, तिथल्या जिल्हा प्रशासन कार्यालयातून. धाकट्याने ते कधी काढलंच नव्हतं. काढायचं त्याला सुचलंही नव्हतं, कारण त्याच्या दाखल्यावर शाळेने ‘भारतीय’ लिहिलं होतं. आधार होतं, पण आधार रहिवासाचं आहे, नागरिकत्वाचं नाही. म्हणजे छत्तीस वर्षांच्या ह्या माणसाकडे जगातल्या कुठल्याही देशाचा ‘हा आमचा’ म्हणणारा वैध कागद नव्हता.

हे असं का झालं

१९८६चा बदल सोलापूरकडे बघून झालेला नाही. १९७९पासून सहा वर्षं आसाम पेटलेला होता. १५ ऑगस्ट १९८५ला आसाम करार झाला आणि त्या पाठोपाठ ही दुरुस्ती आली. सीमेपलीकडून येणाऱ्या लोंढ्याची तिथल्या लोकांना वाटणारी भीती खरी होती, ती हलक्यात घेणं मला पटत नाही. भाषा आणि जमीन हातातून जाईल ही धास्ती आपल्यालाही कळायला हवी.

आणि ही शंका १९८६च्या आधीपासूनची आहे. ऑगस्ट १९४९ मध्ये संविधान सभेत नागरिकत्वाच्या कलमांवर चर्चा झाली तेव्हा आपल्या अमरावतीचे पंजाबराव देशमुख उभे राहिले आणि त्यांनी नेमका हाच मुद्दा काढला. प्रवासातलं एखादं जोडपं काही तासांसाठी मुंबईत थांबलं आणि बाई तिथे बाळंत झाली, तर ते मूल भारतीय कसं, असा त्यांचा सवाल होता. इतकं स्वस्त नागरिकत्व जगात कुठे नसेल, असं त्यांचं म्हणणं होतं. उलट सरदार पटेलांनी १९४७ मध्येच जन्मावर आधारलेल्या रुंद नागरिकत्वाची बाजू घेतली होती. पंजाबरावांचा प्रश्न मला आजही चोख वाटतो. प्रवासात काही तास थांबलेल्या बाईचं मूल आणि डफरीनला जन्मून दहा वर्षं महापालिकेच्या शाळेत गेलेली मुलगी ही दोन वेगळी मुलं आहेत. जुना कायदा दोघांना आत घेत होता, नवा दोघांना बाहेर ठेवतो. दोघांतला फरक ओळखायची तसदी एकानेही घेतलेली नाही.

दुसऱ्या देशांनी ती घेतली आहे. ब्रिटनने १ जानेवारी १९८३पासून जन्माचं आपोआप नागरिकत्व बंद केलं, पण तिथे जन्मलेलं मूल आयुष्याची पहिली दहा वर्षं तिथेच राहिलं तर त्याला नोंदणीचा हक्क ठेवला, आईबाप कुणीही असोत. ऑस्ट्रेलियाने २० ऑगस्ट १९८६ला दार लावलं आणि तिथेही दहाव्या वाढदिवशी ते मूल नागरिक होतं. आयर्लंडमध्ये २००४ साली सार्वमत झालं, जवळजवळ ७९ टक्के लोकांनी जन्माच्या सरसकट हक्काविरुद्ध कौल दिला, पण आईबाप काही वर्षं तिथे रीतसर राहिलेले असतील तर मूल आयरिश होतं. ह्या देशांनाही स्थलांतराची धास्ती होतीच. दार लावताना त्यांनी एक खिडकी मात्र ठेवली. आपण ती ठेवली नाही.

खरं तर संविधानाच्या कलम ५ मध्येच ती होती. संविधान अमलात आलं तेव्हा ज्याचं कायम वास्तव्य भारतात होतं, तो इथे जन्मलेला असो, त्याच्या आईबापांपैकी कुणी इथे जन्मलेलं असो, किंवा आधीची पाच वर्षं तो इथे राहिलेला असो, तिघेही नागरिक. जन्म, वंश आणि राहणं, तिन्हींना मान होता. सोलापूरला ह्याचं मोल जास्त कळायला हवं. इंग्रजांच्या काळात सोलापुरात जन्मलेलं मूल ब्रिटिश प्रजा होतं, पण चाळीसेक किलोमीटरवरच्या अक्कलकोटातलं नव्हतं, कारण ते भोसल्यांचं संस्थान. तुळजापूर निजामाच्या हद्दीत. आई भवानीच्या दर्शनाला जाणारा सोलापूरकर दुसऱ्या राज्यात जात होता. तेलंगणातून आलेल्या ज्या विणकरांनी ह्या शहराची चादर जगात नेली, तेही निजामाच्या मुलखातून आले. एका शहराच्या चार बाजूंना तीन राज्यं होती आणि माणसं कुठून कुठे आली ह्याचा हिशेब मांडायला बसलो असतो तर निम्मं शहर अडकलं असतं.

काय करता येत होतं

त्या दिवशी मी त्याला सही करू नको म्हणून सांगितलं. सोपं नव्हतं. ती मुलगी बाहेर बाकावर बसली होती, डिप्लोमाचं माहितीपुस्तक मांडीवर घेऊन. पण नागरिकत्वाबद्दल जाणूनबुजून खोटं लिहून देणं हा नागरिकत्व कायद्याच्या कलम १७खाली तुरुंगवासाचा गुन्हा आहे. त्याला खरं काय ते आता कळलेलं होतं, त्यामुळे ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायची सोय उरली नव्हती. शिवाय असा दाखला पुढे कधी उघडा पडला तर त्यावर उभं केलेलं शिक्षण आणि नोकरी सगळंच जातं.

दोन दिवसांनी थोरली आली. ती सरळ म्हणाली, “वकीलसाहेब, पोरगी माझ्या नावावर करा. मी दत्तक घेते. मी तर भारतीय आहे ना?” तिला सांगावं लागलं की हिंदू दत्तक कायद्यात पंधरा वर्षं पूर्ण झालेलं मूल दत्तक घेता येत नाही, आणि स्वतःची मुलगी असताना दुसरी मुलगीही दत्तक घेता येत नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारलं, “माझ्यात आणि त्याच्यात फरक काय हो? एका ताटात जेवलोय आम्ही.” मी तारीख सांगितली. ती तिला आधीपासून पाठ होती. भावाची जन्मतारीख बहिणीला पाठ असणारच.

सरळ वाटा दोनच. एक, बापाने नागरिकत्व कायद्याच्या कलम ६खाली अर्ज करायचा. आधीचे सलग बारा महिने आणि त्यामागच्या चौदा वर्षांतली अकरा वर्षं भारतात राहिलेलं असावं लागतं, ते ह्याच्याकडे तिपटीने होतं. संविधानाच्या आठव्या परिशिष्टातली एक भाषा चांगली यायला हवी. मराठी होतीच, आणि १९९२पासून नेपाळीही त्या परिशिष्टात आहे. पण आधीचं नागरिकत्व सोडतो असं लिहून द्यावं लागतं, आणि जे कागदावर कधी घेतलंच नाही ते सोडायचं कसं? म्हणजे भारतीय होण्यासाठी आधी नेपाळी व्हायचं. दुसरी वाट कलम ५(४)ची: विशेष परिस्थिती असेल तर केंद्र सरकार कुठल्याही अल्पवयीन मुलाची नागरिक म्हणून नोंदणी करू शकतं. करू शकतं, म्हणजे करेलच असं नाही. ब्रिटनमधल्या दहा वर्षांच्या मुलाकडे हक्क आहे. आपल्या मुलीकडे विनंतीअर्ज आहे.

पोरीने डिप्लोमा सोडला आणि अकरावी सायन्सला प्रवेश घेतला. तिथे शाळेचा दाखला पुरला. आतेबहिणीने घरच्यांना न विचारता स्वतःचा डिप्लोमाचा अर्ज मागे घेतला आणि तिच्यासोबत अकरावीला बसली. त्यावरून थोरलीच्या घरात चार दिवस भांडण झालं. ते शमवायला माझ्याकडे काही कलम नव्हतं.

२०२५च्या मे महिन्यात आजोबा, बाप आणि नात डोटीला गेले. लखनौपर्यंत रेल्वे, पुढे बनबसाची सीमा, मग डोंगरातल्या बस. आजोबा बारा वर्षांनी गावी गेले होते. वॉर्डातल्या लोकांनी शिफारस द्यायच्या आधी नातवंडाला ओळखायचं म्हणून दोन प्रश्न विचारले. तिला प्रश्न कळले, उत्तर मराठीत तोंडावर आलं आणि ती गप्प झाली. आजोबांनी मध्ये पडून सांगितलं. कागद मिळाले.

ह्याच सुमाराची आणखी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. २० जानेवारी २०२५ला अमेरिकेच्या अध्यक्षांनी आदेश काढला की आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीनकार्डवाले नसतील तर तिथे जन्मणारं मूल नागरिक नसेल. तिथल्या न्यायालयांनी त्याला लगेच अडवलं. आजोबा ज्या कॉलनीत शिट्टी फुंकत फिरायचे तिथल्या कितीतरी घरांतली पोरं-सुना एच-वन-बीवर अमेरिकेत आहेत. त्यातल्या एका घरी सून सहा महिन्यांची गरोदर होती. तिचे सासरे माझे जुने अशील. ते कळवळून म्हणाले, “वकीलसाहेब, पोरगं तिथेच जन्मणार, तिथेच वाढणार, मग त्याला परकं कसं म्हणता येईल?” त्यांचं दुःख मला पटलं, आणि म्हणून मी त्यांना गुरखाकाकांच्या नातीची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, “पण ते वेगळं. आपल्याकडे कायदाच तसा आहे.” वेगळं काय, हे मी पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं. अमेरिकेतलं ते बाळही बिनदेशाचं राहणार नाही, वंशाने ते भारतीय होऊ शकतं. ही मुलगी वंशाने नेपाळी आहे तशीच. दोघांसाठी मागणं एकच आहे: जिथे जन्मलो आणि वाढलो तिथला म्हणा. मला ते दोघांसाठीही न्यायाचं वाटतं. एकासाठी मागायचं आणि दुसऱ्याला नाकारायचं, हे मला जमत नाही.

कायदा पुन्हा १९५५सारखा करा, असं मी म्हणणार नाही. आसामला काय वाटेल हे मला माहीत आहे. पण इथे जन्मलेलं आणि सलग दहा वर्षं इथे शिकलेलं मूल नोंदणी मागायला आलं तर ती त्याला हक्काने मिळाली पाहिजे, कुणाच्या मर्जीने नाही. शाळेच्या हजेरीपटाइतका पक्का पुरावा दुसरा कुठला असणार?

नोव्हेंबर २०२५ मध्ये दोन्ही अर्ज गेले, बापाचा कलम ६खाली आणि मुलीचा ५(४)खाली. मुलीला नोव्हेंबर २०२६ला अठरा पूर्ण होतात, त्याच्या आत निकाल लागायला हवा.

अर्ज भरायला ती एका संध्याकाळी आतेबहिणीला घेऊन ऑफिसात आली होती. नाव, जन्म, पत्ता झालं. मग विशेष परिस्थितीचं निवेदन लिहायची वेळ आली. तिने पेन खाली ठेवलं. “काका, ह्यात विशेष काय लिहू? मी हिच्यासारखीच आहे.”

आम्ही तिघांनी मिळून तेच लिहिलं. जन्म डफरीनचा. पहिली ते सातवी कुठली शाळा, आठवी ते दहावी कुठली, कुठल्या वर्षी कितवी, कुठल्या घरात, कुणाबरोबर. आतेबहिणीच्या दाखल्याची प्रत शेजारी जोडली. दोन्हीत वर्षं तीच, शाळा त्याच, आणि राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात एकाच हाताने लिहिलेला एकच शब्द.